वरचा डावा कोपरा

टाकी नव्हती ती फक्त माझ्या चित्रात. रविवारी सकाळी आम्ही चौघांनी शाळेच्या मैदानाच्या कठड्यावर एका ओळीत बसून समोरचं एकच दृश्य काढलं होतं, दहा मिनिटांत, नेहमीसारखं. आणि आता ती चारही चित्रं वकीलबाईंच्या कचेरीतल्या लांब टेबलावर शेजारी शेजारी मांडलेली होती. सरांच्या चित्रात पाण्याची टाकी होती, सहा खांबांवर उभी, हलकी, जवळजवळ तरंगणारी. वकीलबाईंच्या चित्रात ती होती, पट्टी लावून काढल्यासारखी. लिफ्टवाल्याच्या चित्रात तर टाकीच होती. शाळा, झाडं, मैदान असं बाकीचं सगळं तिच्या पायाशी गोळा झालेलं. माझ्या चित्रात शाळेचं छप्पर होतं, छपरामागे झाडांचे शेंडे होते, आणि त्यांच्या वर, डावीकडे, स्वच्छ कागद.

आमच्याकडे चित्रांवर बोलण्याआधी बटणं ठेवायची असतात. लिफ्टवाला मोडीत निघालेल्या लिफ्टची बटणं गोळा करतो, त्यातली एक डबी त्यानं या कामाला दिली आहे. शून्यापासून बारापर्यंत आकडे कोरलेली, बोटांनी झिजून गुळगुळीत झालेली. प्रत्येकानं एक बटण उचलायचं आणि दुसऱ्या कुणाच्या तरी चित्रावर ठेवायचं, बोलायचं त्यानंतर. त्या दिवशीही तिन्ही बटणं माझ्या चित्रावर आली. सहा, दोन आणि नऊ. गेले कित्येक रविवार असंच होत होतं, आणि मला, खोटं कशाला बोलू, त्याची सवय होत चालली होती. "बघा," सर म्हणाले. सर म्हणजे शाळेत चाळीस वर्षं चित्रकला शिकवून निवृत्त झालेले, आमच्यातले एकटेच खरे चित्रकार. "काय घ्यायचं ते सगळ्यांनाच कळतं. काय सोडायचं ते हिला कळायला लागलंय. एवढी अवाढव्य टाकी डोळ्यासमोर आहे, आणि हिनं ती सोडून दिली. हवा आली चित्रात." लिफ्टवाला म्हणाला, "सर, मी टाकी सोडली असती तर तुम्ही म्हणाला असता, लेका, झोपला होतास काय?" "म्हणालो असतो," सर म्हणाले. "तू खरंच झोपलेला असतोस." सगळे हसले. मीही हसले. कुठली टाकी, हा प्रश्न जिभेवर येऊन थांबला होता, तो मी चहाबरोबर गिळून टाकला.

मग बेत सुरू झाला. येत्या शनिवारी आणि रविवारी आम्ही समुद्रावर जाणार होतो, चित्रं काढायला. दोन वर्षं नुसतं बोलत होतो, आता जमलं होतं. बेताचा कागद माझ्याकडे होता, कारण मी विज्ञानवाली. इस्पितळाच्या प्रयोगशाळेत दिवसभर सूक्ष्मदर्शकाखाली काचपट्ट्या बघते, पेशींमध्ये काही वावगं आहे का ते सांगते. लिफ्टवाला मला भिंगबाई म्हणतो. कागदावर ओहोटीच्या वेळा होत्या: शनिवारी सगळ्यात खालचं पाणी अकरा वाजून चाळीस मिनिटांनी, म्हणजे साडेनऊपासून दीडपर्यंत दीपगृहाखालचे खडक उघडे. सकाळी ऊन कड्याच्या मागून, दुपारनंतर समोरून, म्हणजे खडक सकाळी आणि होड्या संध्याकाळी. घडीची स्टुलं चार, कागद उडू नयेत म्हणून चिमटे, पाण्याचे कॅन, वकीलबाईंची छत्री. "आणि गाडी भिंगबाईंची," वकीलबाई म्हणाल्या. त्यांना प्रत्येक गोष्ट लेखी लागते. "लिहा. चालक, तुम्ही." सरांचं वय झालं, वकीलबाई कधी शिकल्याच नाहीत. लिफ्टवाल्याकडे परवाना आहे पण तो स्टिअरिंगला हात लावत नाही. "मी माणसं बारा मजले वर-खाली करतो," तो म्हणाला, "पण आडवं जायचं म्हटलं की माझे पाय कापतात. त्यातून तो कड्यावरचा रस्ता. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला काहीच नाही." काहीच नाही. मी कागदावर लिहिलं, चालक, आणि पुढे दोन टिंबं देऊन माझं आद्याक्षर.

घरी परतताना मी मुद्दाम शाळेवरून गेले. गाडी मैदानाच्या कडेला उभी केली आणि काच खाली केली. टाकी होती. सहा खांब, मधोमध लोखंडी जिना, घुमटाखाली निळा पट्टा. इतकी मोठी की तिची सावली शाळेच्या अर्ध्या छपरावर पडली होती. मी डोळ्यांनी तिच्यावरून दोनदा वरपासून खालपर्यंत गेले, एखाद्याची माफी मागितल्यासारखी. मग मला आठवलं की सकाळी मी टाकीकडे असं पाहिलंच नव्हतं. मी चित्र काढताना डावा डोळा मिटते. सरांनीच शिकवलं ते पहिल्या महिन्यात: एक डोळा मिटा, जग सपाट होतं, मग ते कागदावर येतं. बाकीचे मोजमापापुरता मिटतात, हात लांब करून पेन्सिलीनं उंची मोजायची तेवढ्यापुरता. मी पूर्ण दहा मिनिटं मिटते; सूक्ष्मदर्शकाच्या जुन्या, एकाच नळीच्या दिवसांपासून डोळ्याला तशी सवय आहे. गाडीत बसल्या बसल्या मी डावा डोळा मिटला आणि शाळेच्या दरवाजाकडे बघितलं. टाकी गेली. तिच्या जागी काळं काही आलं नाही, धूसर काही आलं नाही. तिथे आकाश आलं. अगदी शेजारच्या आकाशासारखं, एक ढग ओढून आणून पसरल्यासारखं. मला आजही सांगता येत नाही की भीती कुठे सुरू झाली. पण ती टाकी जाण्याची नव्हती. त्या आकाशाची होती. ते इतकं बेमालूम होतं.

घरात आल्यावर मी आईशी बोलले नाही, हात धुतले आणि माझ्या खोलीचं दार लावून घेतलं. भिंतीवर डोळ्यांच्या उंचीवर पेन्सिलीनं एक फुली काढली. फुलीपासून हातभर अंतरावर खुर्ची ठेवली, हनुवटी टेकायला तिच्या बैठकीवर जाड पुस्तकं रचली. एका लांब काडीच्या टोकाला काळ्या डोक्याची टाचणी खोचली. आधी पद्धत तपासायची, हे आम्हाला पहिल्या वर्षी शिकवलेलं. प्रत्येक निरोगी डोळ्यालाही एक अंधबिंदू असतो, जिथून दृष्टीची नस बाहेर पडते तिथे. उजव्या डोळ्याचा तो उजवीकडे, बाहेरच्या अंगाला सापडतो. डावा डोळा मिटून, फुलीवर नजर रोखून मी टाचणी हळूहळू उजवीकडे नेली. एका जागी ती नाहीशी झाली आणि थोडं पुढे परत आली. बरोबर. पद्धत ठीक होती. क्षणभर मला एक मूर्ख आशा वाटली, की टाकी म्हणजे हाच बिंदू असेल, एवढंच असेल. पण टाकी डावीकडे होती. मी काडी डाव्या हातात घेतली आणि टाचणी वरून, डाव्या कोपऱ्यातून, फुलीकडे आणायला लागले. ती नव्हती. काडी दिसत होती, काडीवरची माझी बोटं दिसत होती, पुढे भिंत होती. अजून आणली. भिंत. अजून. माझ्याच हातात धरलेली वस्तू मी भिंतीत शोधत होते. ती पुन्हा दिसली तेव्हा फुलीच्या इतकी जवळ आली होती की मी दचकून मान हलवली आणि सगळं पहिल्यापासून करावं लागलं. जिथे जाते तिथे एक ठिपका, जिथे येते तिथे एक ठिपका. अर्ध्या तासानं भिंतीवर फुलीच्या डाव्या अंगाला वर वाकलेली एक जागा तयार झाली, जाड कोयरीसारखी. मी मागे सरकून दोन्ही डोळ्यांनी तिच्याकडे बघितलं. चांगली रेघ होती. तीन बटणं मिळाली असती.

हे काय आहे ते मला माहीत होतं. नाव माहीत नसतं तर निदान एक रात्र बरी गेली असती. काचबिंदू बाबांना होता. बाबा घड्याळं दुरुस्त करत. अरुंद दुकान, काचेचं टेबल, त्यावर वाटीएवढ्या उजेडात उघडी पडलेली चाकं, आणि उजव्या डोळ्याला कायमचं लावलेलं भिंग. त्यांचा डावा डोळा आधी गेला, मग उजव्याच्या कडा जायला लागल्या, आणि त्यांना काही म्हणजे काही कळलं नाही, कारण त्यांचं काम मधल्या वाटीएवढ्या उजेडात होतं आणि मध्य शेवटपर्यंत स्वच्छ राहतो. केसाएवढी स्प्रिंग ते चिमट्यानं उचलत आणि घरी येताना दाराच्या चौकटीला खांदा आपटून घेत. "ही खुर्ची कुठून आली इथे?" असं ते म्हणत. खुर्ची वीस वर्षं तिथेच होती. आई म्हणे, "लक्ष कुठे असतं तुमचं?" आणि मी, आठवीत असेन, हसायचे. ते हसणं मला त्या रात्री खोलीत ऐकू आलं. माझंही काम तसंच आहे. काचपट्टी सरकते, पेशी एकामागून एक मध्यावर येतात, मी बघते, पुढे ढकलते. कामावर माझ्याकडून चूक झाली नसती. काम माझी चुगली करणार नव्हतं, जसं त्यांचं त्यांच्याबद्दल बोललं नाही. चाळिशी उलटल्यावर मी दोनदा डोळे तपासून घेतले होते, दोन्ही वेळा दाब ठीक निघाला, तिसऱ्या वर्षी कामं होती, चौथ्या वर्षी आईचा गुडघा, आणि मग मी तो विषय मनातून काढून टाकला. आमच्या प्रयोगशाळेच्या दारावर मी स्वतःच्या अक्षरात लिहून लावलेला कागद आहे, की तपासणी दर वर्षी करा, त्रास नसला तरी करा.

सोमवारी आणि मंगळवारी मी कामावरून आले की वह्या काढून बसायचे. माझ्या सगळ्या चित्रांवर तारीख असते. सवय प्रयोगवहीची, तारखेशिवाय निरीक्षण नाही. पाच वर्षांच्या अकरा वह्या मी जमिनीवर क्रमानं उघड्या मांडल्या आणि त्यांच्यामधून गुडघ्यांवर सरकत गेले. पहिल्या वहीत सगळं होतं, अगदी नको तेवढं होतं. तारा, तारांवरचे कावळे, गच्चीवरचे वाळत घातलेले कपडे. "कागदाला श्वास घेऊ दे," असं सरांनी तेव्हा कोपऱ्यात लिहिलेलं. सातव्या वहीत बाजारातल्या घड्याळाच्या मनोऱ्याचं चित्र होतं आणि त्यात मनोऱ्याच्या डावीकडची पताकेची काठी अर्ध्यातच संपत होती. तेव्हा मला वाटलं होतं की रेघ सुटली. आठव्या वहीत पुलाचा दिवा नव्हता. नवव्या वहीत एका इमारतीचा वरचा मजला नव्हता, दोन खिडक्या जिथे असायला हव्यात तिथे मी अतिशय नाजूक हातानं काहीच काढलं नव्हतं. दहाव्या वहीपासून बटणं सुरू होत होती. ज्या दिवशी मिळाली त्या दिवशी मी पानामागे आकडे लिहून ठेवले होते, हौसेनं: चार, अकरा, सात. मी पट्टी घेतली आणि प्रत्येक चित्रातली रिकामी जागा मोजली. हे करायला नको होतं, पण मला दुसरं काही करता येत नाही. ती वाढत होती. सरळ रेषेत नाही, शेवटच्या सहा महिन्यांत जास्त वेगानं. मी माझा सगळा ऱ्हास स्वतःच्या हातानं, तारखेसह, चांगल्या कागदावर काढून ठेवला होता, आणि तीन माणसांनी त्यावर बटणं ठेवली होती.

पण एक डोळा मिटल्यावर, असं मी स्वतःला सांगत होते. मी गाडी काय एक डोळा मिटून चालवते? दोन डोळे एकमेकांना सांभाळून घेतात. एकाला जिथे भोक, तिथे दुसरा बघतो. हे शास्त्रच आहे, मनाची समजूत नाही. शनिवार-रविवार होऊ दे. दोन वर्षांनी जमलंय, सर पुढच्या वर्षी येऊ शकतील की नाही कुणी सांगावं. सोमवारी जाईन डॉक्टरांकडे. दोन दिवसांनी काय फरक पडतो? आणि असं मी बुधवारी सकाळी कामावर जाताना चौकात थांबलेली असताना म्हणत होते, तेव्हा मला तो सायकलवाला आठवला. दोन आठवड्यांपूर्वी याच चौकात मी डावीकडे वळत होते आणि तो एकदम बोनेटसमोर आला. ब्रेक, मागून हॉर्न, त्याच्या हँडलला लावलेली कापडी पिशवी डोलत राहिलेली. तो एक पाय टेकवून उभा होता, पन्नाशीचा माणूस, शिव्यासुद्धा दिल्या नाहीत त्यानं, नुसता बघत राहिला. "कुठून उगवला हा!" असं मी मोठ्यानं म्हणाले होते, आणि दिवसभर लोकांना सांगितलं होतं की सायकलवाल्यांना काही ताळतंत्र उरलेलं नाही. माणूस कुठून उगवत नाही. तो त्या रस्त्यानं येत होता, उतारावरून, चांगला दूरपासून, आणि तो येत असतानाच्या सगळ्या वेळात माझ्यासाठी तिथे रस्ता होता, रिकामा, ऊन पडलेला. मागची गाडी हॉर्न वाजवायला लागली तेव्हा सिग्नल कधीचा हिरवा झाला होता. मी माझी गाडी गल्लीत घेतली, एका औषधाच्या दुकानासमोर लावली आणि उरलेलं अंतर चालत गेले. चालतानाही मी भिंतीच्या कडेनं चालले. कुणी अंगावर आलं तर, असं वाटत होतं. आणि लगेच, की मी कुणाच्या अंगावर गेले तर.

रात्री जेवताना मी हात पाण्याकडे नेला आणि तो तसाच हवेत राहिला. पेला उजवीकडे होता. आमचं जेवणाचं टेबल उजव्या बाजूनं भिंतीला लावलेलं आहे, पाणी कायम डावीकडे, मोकळ्या अंगाला. हात त्या सवयीनं तिकडे गेला होता. मी आईकडे बघितलं. ती पोळीचा तुकडा मोडत होती.

"आई, पेला इकडे का ठेवलास?"

"कुठे?"

"इकडे. भिंतीकडे."

"असू दे की. तुझा हात पोचतो ना?"

"कधीपासून ठेवतेस?"

"दोन पेले फुटले तेव्हापासून."

"मी फोडले?"

"मांजरानं फोडले म्हणालीस."

"आपल्याकडे मांजर कुठे आहे?"

"शेजारचं, म्हणालीस." तिनं माझ्याकडे बघितलं नाही. "मी म्हटलं असेल शेजारचं."

मी स्वयंपाकघरभर नजर फिरवली, हळूहळू, आपल्याच घरात पहिल्यांदा आल्यासारखी. साखरेचा डबा डावीकडच्या फळीवरून उजवीकडे आला होता. दाराजवळची बुटकी तिवई नव्हती. न्हाणीघराच्या वाटेतली चपलांची फळी आतल्या खोलीत गेली होती. हे सगळं मी रोज बघत होते, आणि यातलं काहीही मला दिसलं नव्हतं. जेवताना कुणी डोळा मिटत नाही. पेले फोडताना माझे दोन्ही डोळे उघडे होते.

"सांगितलं का नाहीस?" मी विचारलं.

"त्यांना सांगितलं होतं," आई म्हणाली. "सांगितलं त्या दिवशी दुपारी दुकान बंद करून आले. मग सोळा वर्षं त्या खुर्चीत. घड्याळाची टिकटिक ऐकवत नाही म्हणून घरातली सगळी घड्याळं बंद करून ठेवली." तिनं हात ताटाच्या कडेला पुसला. "तू रविवारी घरी येतेस ते हसत येतेस. बटणं मिळाली म्हणतेस. मला वाटलं, होऊ देत तिची चार चित्रं."

"बाबांच्या वेळी किती दिवस वस्तू सरकवत होतीस? सांगण्याआधी?"

ती उठली, माझा पेला उचलला, भरलेलाच होता तरी नळाखाली धरला, आणि पाठमोरी म्हणाली, "दोन वर्षं. डॉक्टर म्हणाले होते, दोन वर्षं आधी आला असतात तर एक डोळा राहिला असता." पाणी पेल्यावरून वाहत होतं. तिनं नळ बंद केला आणि पेला टेबलावर ठेवला, मधोमध, दोन्हीकडून सारखा, आणि म्हणाली, "धाकट्यालाही कळवायला हवं. त्याचेही बघून घेऊ देत." धाकटा म्हणजे माझा भाऊ. मी हो म्हणाले. त्या रात्री मी भिंतीसमोर बसले होते, काडी हातात होती, दोन्ही डोळे उघडे होते. फक्त टाचणी डाव्या कोपऱ्यातून आणायची होती. मी तासभर बसले. काडी उचलली नाही. रोज लोकांच्या शरीरात काय चाललंय ते मी निर्विकार तोंडानं लिहून देते. त्यांना मी कधी विचारलं नव्हतं, की अहवालाचं पाकीट उघडण्याआधी ते हातात किती वेळ धरून बसता?

गुरुवारी संध्याकाळी वकीलबाईंच्या कचेरीत शेवटची बैठक होती. त्याआधी मी इस्पितळातून फोन करून डोळ्यांच्या डॉक्टरांची शुक्रवारी सकाळची वेळ घेतली होती, पलीकडच्या मुलीनं विचारलं, "काय त्रास होतो?" आणि मी म्हणाले, "काही नाही," आणि मग, "तोच त्रास आहे." कचेरीत मी चालतच पोचले. सर आधी आले होते, खिडकीशी पेन्सिलींना टोक करत. लिफ्टवाल्यानं समुद्रकिनाऱ्यासाठी विकत घेतलेली टोपी घातली होती, कडा इतक्या रुंद की वकीलबाई त्याला म्हणाल्या, "तुम्ही छत्रीखाली बसू नका हं, छत्रीला कमीपणा वाटेल." टेबलावर बिस्किटं होती. बटणांची डबी होती. वकीलबाईंनी चष्मा लावला आणि माझ्याच अक्षरातला बेताचा कागद वाचायला घेतला. "शनिवार, पहाटे साडेपाच, प्रस्थान. चालक..."

"मी चालवणार नाही," मी म्हणाले.

"गाडी बिघडली?" लिफ्टवाल्यानं विचारलं. "मी बघतो. उभी चालतात ती सगळी यंत्रं मला कळतात, आडव्यांचं थोडं-थोडं."

मी वाक्य तयार करून ठेवलेलं होतं, दोन वाक्यं होती, नीट, कर्ता-कर्म-क्रियापदासह. ती आली नाहीत. म्हणून मी पिशवीतून पानं काढली. वह्यांमधून सोडवून आणलेली, तेरा पानं, तारखांच्या क्रमानं, आणि ती टेबलावर एका ओळीत मांडली, कागद सरकवून, बिस्किटं बाजूला करून. शेवटचं पान शाळेचं होतं. वकीलबाईंचा हात नकळत डबीकडे गेला आणि त्यांनी एक बटण उचललं. मग तिघेही ओळीच्या कडेनं चालायला लागले, पहिल्यापासून. मला फक्त पावलं ऐकू येत होती. सातव्या पानाशी सर थांबले. आठव्याशी थांबले. नवव्याशी त्यांनी दोन न काढलेल्या खिडक्यांवर बोट ठेवलं, आणि बोट तिथेच ठेवून मान वर केली. त्यांच्या चेहऱ्यावर चित्र बघतानाचा भाव राहिला नव्हता.

"सोडलं नव्हतंस," ते म्हणाले.

"नाही."

"टाकी?"

"मला घरी जाताना दिसली. दोन्ही डोळ्यांनी, सरळ तिच्याकडे बघितल्यावर."

"मी तुला शाबासकी देत होतो," सर म्हणाले. ते खुर्चीत बसले. म्हातारी माणसं बसतात तसे, आधी हात टेकवून. "चाळीस वर्षं मुलांना सांगितलं, बघा, नीट बघा. आणि मी इथे तुझ्या..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. मी सगळं सांगितलं. बाबांचं, भिंतीवरच्या कोयरीचं, सायकलवाल्याचं. सांगताना लक्षात आलं की मी अहवाल वाचल्यासारखी बोलत होते. वकीलबाईंनी बटण परत डबीत टाकलं, त्याचा आवाज झाला. "एस.टी.नं जाऊ," त्या म्हणाल्या. "सव्वासहाची आहे. मी चौकशी करते." आणि मग, कागदावर काट मारून झाल्यावर, खालच्या आवाजात, "तुम्ही येणार ना पण?"

"उद्या डॉक्टर काय सांगतात, त्यावर."

"दोन्ही डोळ्यांचं आहे का?" लिफ्टवाल्यानं विचारलं. त्यानं टोपी काढली होती. हा प्रश्न इतक्या साधेपणानं आला की मला उत्तर टाळता आलं नाही.

"मी बघितलं नाही."

"म्हणजे?"

"एकाचं बघितलं. दोन्ही उघडे ठेवून बघायचं धाडस झालं नाही. एकटीनं."

त्यानं डबीत बोटं फिरवली. एक बटण काढलं, काळं, त्यावरचा पांढरा आकडा ठळक. "हे चालेल?" मी म्हणाले, चालेल. माझी खुर्ची भिंतीसमोर वळवली, पांढरी रिकामी भिंत, तिच्यावर वकीलबाईंनी पेन्सिलीनं फुली काढली. आपल्या कचेरीच्या भिंतीवर कधी खिळाही मारू न देणारी बाई. सर टेबलाशी बसले, कोरा कागद चिमट्यात लावला, मधोमध तशीच एक फुली काढली आणि पेन्सिल धरून थांबले. लिफ्टवाला माझ्या डाव्या अंगाला भिंतीशी गेला, बाजूला, हात लांब करून. "तू फुलीवरच बघ," तो म्हणाला. "हललीस तर लिफ्ट पहिल्यापासून." त्याच्या आवाजात थट्टा होती, बोटं मात्र बटण फार घट्ट धरून होती. मी दोन्ही डोळे उघडे ठेवले. फुली स्पष्ट होती, पेन्सिलीचे कण दिसावेत इतकी. कडेला, वर, त्याचा हात आणि त्यात काळं बटण.

"आता?"

"आहे."

तो आत आला, एक वीत. "आता?"

"आहे."

दिसतंय, मला वाटलं, दिसतंय सगळं, पेले खरंच मांजरानं फोडले असतील. बाही भिंतीवरून थोडी सरकली. मग बाही होती, बाहीचं बटण होतं, मनगट होतं, आणि मनगटाच्या पुढे भिंत. पांढरी, सारखी, एकही ओरखडा नसलेली, तिथे कधीच काही नव्हतं अशी.

"आता?" लिफ्टवाला म्हणाला.

मला मान वळवायची होती. फक्त एवढीशी मान वळवली असती तर तो हात परत आला असता. मी फुलीकडे बघत राहिले.

"नाही," मी म्हणाले.

मागे सरांच्या पेन्सिलीचं टोक कागदावर टेकलं. एक ठिपका. मग त्या रिकाम्या भिंतीतून, अगदी जवळून, थट्टा पूर्ण गेलेल्या आवाजात त्यानं पुन्हा विचारलं, "आता?"